नवरा आणि सासू यांच्यामधली जागा

फिलोफ्तेया मेली, ही बातमी गावात झाम्फिराने आणली. झाम्फिरा म्हणजे चर्चची घंटा वाजवणाऱ्याची बायको. दोरी घरचीच असल्यामुळे तिची बातमी थेट मनोऱ्यावरून जाहीर होते. तिने पाहिलं ते एवढंच की सकाळी म्हातारी आणि तिचा मुलगा तावी गाडीतून गेले, आणि संध्याकाळी तावी एकटाच परतला. चेहरा पांढराफटक, आणि मागच्या सीटवर म्हातारीऐवजी थडग्याचा दगड. एवढ्यावर कुणीही घंटा वाजवली असती. दोन घरांत तर मयताचा गोड गहूही शिजायला पडला.

खरं म्हणजे त्या वेळी फिलोफ्तेया डोंगरापलीकडे, आपल्या माहेरी, भाचीच्या ओट्यावर बसून मेंढीचं ताजं चीज खात होती आणि मीठ कमी पडलंय म्हणून भाचीला ऐकवत होती. मेलं कुणीच नव्हतं. पण तावीचा चेहरा पांढरा का झाला होता, ते कळल्यावर गावाला वाटलं, त्यापेक्षा म्हातारी मेली असती तर पचवायला सोपं गेलं असतं.

फिलोफ्तेया सून म्हणून आली ती डोंगर ओलांडून. नवरा पांतेलिमोन, लाकडाच्या वखारीत कामाला, गरीब स्वभावाचा. सासू स्ताना मात्र दोघांच्या वाटचं बोलून उरेल अशी. सुनेने मक्याच्या पिठाची मामालिगा पाटावर ओतली की स्ताना ती दोऱ्याने कापायची आणि आत गुठळी आहे का बघायची. नाही सापडली तर दुसरीकडून कापायची.

आधी स्ताना गेली, काही वर्षांनी पांतेलिमोन. दोघांच्या मधे सुनेसाठी जागा मोकळी राहिली; तसं स्तानाला पुरतानाच ठरलं होतं. जोडप्यातलं एक गेलं की दोघांची नावं एकाच दगडावर कोरायची, ही आमच्याकडची रीत. जो मागे राहतो त्याचं जन्मसाल, मग एक रेघ, आणि पुढे रिकामी जागा. पण तेव्हाचा कोरणारा पडला हुशार. पुढचे कष्ट वाचावेत म्हणून त्याने रेघेपुढे ‘१९’ही कोरून टाकले. शतक संपायला अवकाश होता, आणि फिलोफ्तेयाला तेव्हा खोकलाही होता.

खोकला गेला. कोरणारा गेला. शतकही गेलं. फिलोफ्तेयाची ऐंशी उलटली आणि दगडावरचे एकोणीस तसेच राहिले. दफनभूमीतून येता-जाता लोक विचारत, “काय फिलोफ्तेयाकाकू, गाडी चुकली वाटतं?”

“चुकली नाही,” ती म्हणायची, “तुमच्यासारखे बसले होते तिच्यात, म्हणून सोडली.”

आता आमच्याकडे मागच्यांवर भरवसा नसलेला माणूस आपल्या मरणाचं जेवण जिवंतपणीच घालून मोकळा होतो. तसं जेवण फिलोफ्तेयाने उन्हाळा संपताना घालायचं ठरवलं, आणि पाद्री म्हणाले, आधी तो दगड नीट करून घ्या. गावातला नवा कारागीर यंत्राने काळ्या चकचकीत फरशा कोरतो, जुन्या चुनखडीला हात लावत नाही. तेव्हा दगड गाव्रिलाकडे न्यायचा ठरला. गाव्रिला डोंगरापलीकडचा पाथरवट, म्हणजे तिच्या माहेरचा.

फिलोफ्तेयाला मात्र आकडा दुरुस्त करून नकोच होता. तिला नावच काढून हवं होतं. माहेरच्या टेकडीवर बहिणीशेजारी तिची जागा होती, आणि तिला निजायचं होतं तिथे. नवरा आणि सासू यांच्या मधे नाही. हे तिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पाद्री आले असते, झाम्फिरा आली असती, आणि दगड जागचा हलला नसता.

तर तावीने दगडाचा वरचा भाग उतरवून आपल्या जुन्या दाचिया गाडीच्या मागच्या सीटवर आडवा ठेवला, त्याला पट्टाही बांधला. शेजारी उरलेल्या जागेत आई.

“आई, अडचण होत नाही ना?”

“माझीच मला अडचण. कुणाला सांगू?”

रस्ता नेहमीसारखाच. पुढे नंबरपाटी लावलेली गवताची घोडागाडी, घोड्याच्या कानाशी दृष्ट लागू नये म्हणून लाल गोंडा. विजेच्या खांबावर करकोच्यांची पिल्लं. घाटात मेंढ्यांनी रस्ता अडवला, तेव्हा कडेच्या विहिरीवर पाणी प्यायला गाडी थांबली. बादली ओढणाऱ्या गाडीवानाने काचेतून दगडावरचं नाव वाचलं आणि टोपी काढली.

“फिलोफ्तेया. देव त्या आत्म्याला विसावा देवो.”

“आमेन,” काच खाली करून फिलोफ्तेया म्हणाली, “आणि मला वाटीभर पाणी द्या.”

बादली गेली विहिरीत. गाडीवान घोड्यापाशी जाऊन उभा राहिला तो परत काही जवळ आला नाही.

खिंडीपलीकडे पोलिसाने हात केला. दगड कुणाचा, त्याने विचारलं. माझा, ती म्हणाली. ओळखपत्र मागितलं तर तेही दिलं. त्याने कार्ड वाचलं, दगड वाचला, पुन्हा कार्ड वाचलं.

“आजी, हे सालसुद्धा तेच आहे.”

“मग, जन्म काय दोनदा झाला माझा? पट्टा दोघींनी लावलाय, बघून घ्या.”

पोलिसाने कार्ड दोन बोटांत धरून परत दिलं, छातीवर क्रूस काढला आणि जायची खूण केली. तावी पुढे कितीतरी वेळ हसत होता. फिलोफ्तेया हसली नाही. गाव्रिलाच्या गावची छपरं दिसायला लागली होती, डोळ्यांसारख्या खिडक्यांची, आणि तिला वाटलं सगळी छपरं आपल्याकडेच बघतायत.

गाव्रिलाने दगड फळ्यांवर घेतला, अंगठा फिरवला.

“एकोणिसाचे वीस करायचे ना? घासल्यावर थोडा खड्डा पडेल.”

“वीस नको करूस. माझं सगळंच काढ. नाव, साल, रेघ. त्यांचं राहू दे.”

गाव्रिलाच्या कानावरची पेन्सिल खाली पडली. तावी कुणाच्या तरी अर्धवट कोरलेल्या दगडावर मटकन बसला.

“आई, ऊन लागलंय तुला.”

“नाही लागलं.”

“मग तू कुठे जाणार?”

“त्या टेकडीवर. मावशीपाशी तुझ्या.”

“हे कधी ठरवलंस?”

“तुझ्या आजीला पुरलं त्या दिवशी.”

तावीने टेकडीकडे पाहिलं. मग म्हणाला, “नवऱ्याजवळची जागा सोडून माहेरी जाऊन निजणारी बाई अख्ख्या खोऱ्यात कुणी पाहिली नसेल. लोक जेवायला येणार आहेत, आई. त्यांना काय सांगायचं? बाबांनी केलं काय तुझं?”

“काही नाही केलं. भिंतीकडे तोंड करून झोपायचे बिचारे. मला ती मधली जागा नको. दोघांच्या मधे बसून जेवण्यात आयुष्य गेलं, प्रत्येक घासावर दोन्हीकडून नजर. पण तेव्हा निदान उठून ताटं घासायला जाता यायचं. तिथून उठून कुठे जाऊ?”

गाव्रिला छिन्नी धरून तावीकडे बघत होता. दगड तावीच्या बापाचा. तो नाही म्हणाला असता तर गाव्रिलाने हात लावला नसता, आणि दुसऱ्यांदा हा दगड घाट चढणार नव्हता. फिलोफ्तेयाने हात ओच्यात घट्ट धरून ठेवले. मुलाचे कान लाल झाले होते, रागावला की बापाचे व्हायचे तसे. आता हा नाही म्हणणार, तिला वाटलं.

“मी टेबलाखाली असायचो,” तावी जमिनीकडे बघत म्हणाला. “आजी तुझी मामालिगा कापायची तेव्हा. तू दुसऱ्यांदा कापू द्यायचीस. मला वाटायचं, तुला चालतं.”

तिने ओच्यातले हात सोडले.

“काढा,” तावी म्हणाला.

गाव्रिलाने पहिला घाव घातला. एकेक अक्षर भुगा होऊन उडालं आणि शेजारी बसलेल्या तावीच्या केसांत, भुवयांत जाऊन बसलं. तो हलला नाही. शेवटी एकोणीसही गेले. पांतेलिमोनच्या नावाखाली नुसता खडबडीत पांढरा पट्टा उरला.

फिलोफ्तेया म्हणाली, चार दिवस भाचीकडे राहीन, जागा झाडून घेईन, आणि जेवणही इथेच घालीन. तावीने मुकाट्याने दगड गाडीत चढवला, पट्टा बांधला, तोंड पुसायचंही त्याला सुचलं नाही. गाडी सुरू केली आणि पुन्हा बंद केली.

“दगड परत बसवताना मेणबत्ती लावायला लागेल,” तो म्हणाला. “बाबांना काय सांगू?”

फिलोफ्तेया म्हणाली, “मी काही विचारलं की ते म्हणायचे, आईला विचार. आता त्यांनाच विचारू दे, आई तिथेच आहे.”