उत्तर बांधावरचा बगळा

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांतला माणूस नाही. आमच्या गावात जागेच्या राखणदाराला नारळ ठेवल्याशिवाय कुणी कुदळ मारत नाही, आणि मी मात्र मत्स्यतळ्याचं काम सुरू करताना तो नारळ घरी नेऊन सोलकढी केली होती. म्हणजे हसण्यावारी नेणाऱ्यांतला मी... आणि तरी हे लिहितोय. लिहिण्याचं खरं कारण शेवटी सांगतो, कारण ते सांगायला मला अजून धीर गोळा करायचाय.

राजापूर तालुक्यात खाडीला लागून आमचं खाजण, म्हणजे खारी जमीन आहे. पूर्वी भात व्हायचं, आता दोन तळी आहेत, त्यांत जिताडा मासा वाढवतो. मुंबईची नोकरी सोडून मी हा उद्योग घेतला, तेव्हा गावाने छान करमणूक करून घेतली. पहिल्या वर्षी खाद्य जास्त टाकून मी अर्धे मासे मारले, दुसऱ्या वर्षी बांध फुटून उरलेले खाडीला अर्पण केले. तिसऱ्या वर्षी मासे टिकले, ते धाकूदादांमुळे.

धाकूदादा म्हणजे आमच्या वाडीतले, पंचाहत्तरीच्या पुढचे. तळ्यावर पाणकावळे आणि बगळे अक्षरशः पंगतीला बसल्यासारखे यायचे. दादा पत्र्याचा डबा बडवत फिरायचे आणि चार वाजता उत्तरेच्या बांधावर उघाडीपाशी येऊन बसायचे. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची फळ्यांची दारं. डोक्यावर पांढरा पंचा, गुडघे छातीशी, मान पुढे. चार ते पाच तिथेच. ते बसले की पाखरू फिरकत नसे.

मग मला सुधारणा सुचली. (माझ्या सगळ्या आपत्ती याच वाक्याने सुरू होतात.) तीन खांबांवर तीन कॅमेरे लावले. पक्षी दिसला की कॅमेरा ओळखणार, भोंगा वाजवणार आणि मला मोबाईलवर फोटो पाठवणार. बसवायला आलेला कोल्हापूरचा तंत्रज्ञ म्हणाला, “साहेब, सुरुवातीचे पंधरा दिवस तो तुम्हाला विचारत राहील, हा पक्षी आहे का? तुम्ही हो किंवा नाही दाबायचं. शिकवाल तसं शिकेल.”

चौथ्या दिवशी फोटो आला. उत्तर बांध, पांढरा पंचा, काटकुळे पाय, पुढे काढलेली मान. खाली प्रश्न – हा पक्षी आहे का?

मी ‘हो’ दाबलं. जात विचारली, तर ‘बगळा’. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. स्क्रीनशॉट वाडीच्या ग्रुपवर टाकला, ‘आमचा नवा बगळा’ म्हणून. लोक लोळून हसले. मीसुद्धा.

पाचव्या... नाही, आठव्या दिवशी दादा बसले आणि भोंगा बोंबलला. साधा आवाज नव्हता तो, कुत्र्यांचं भुंकणं आणि बंदुकीचे बार एकत्र. दादा दचकून थेट तळ्याच्या चिखलात. मी धावत गेलो, हात दिला. चिखलाने माखलेले दादा खांबाकडे बघत म्हणाले, “पम्या, ह्यो मला वळखत नाय रे?”

तेव्हा सांगायला हवं होतं. मी काय म्हणालो? “मशीन आहे दादा. चुकतं.”

त्यांनी पंचा काढून टोपी घातली. दुसऱ्या बाजूने येऊन पाहिलं. बसले की भोंगा. पोरंटोरं नाही, चांगली मोठी माणसं रस्त्यावरून “बगळा उडाला!” ओरडायची. दादा यायचे थांबले. महिन्याभरात त्यांची मुलगी मंदाताई त्यांना केळशीला आपल्याकडे घेऊन गेली. फोटो पुसायला मला दोन मिनिटं लागली असती, पण म्हटलं, करू नंतर.

आता पुढचं.

दादा गेल्यावर चारेक दिवसांनी, बरोबर चारला, भोंगा वाजला. मोबाईलवर ‘बगळा, उत्तर बांध’. फोटोत नुसता बांध. दुसऱ्या दिवशी तेच. रोज तेच. मी ते तीन फोटो पुसले, सगळं नव्याने शिकवलं, तरी तेच. कोल्हापूरहून माणूस पुन्हा आला. काच पुसली, कोळ्याचं जाळं काढलं, कातळावरून येणाऱ्या गरम हवेवर व्याख्यान दिलं. त्याच्यासमोर चार वाजले. भोंगा वाजला. त्याने बॅग भरली.

माझी बायको सुषमा तेवढ्यात एक गोष्ट बोलली. “अहो, कॅमेऱ्याची चित्रफीत बघा नीट. पाखरं भोंग्याच्या आधीच उडतायत.”

पाहिलं. खरंच! बांबूवर बसलेले पाणकावळे एकेक करून उठत होते, आणि मग भोंगा.

मी घाबरलो. वाटलं, दादांचं काही बरंवाईट... मंदाताईला फोन केला. “बाबा ना? आहेत की मस्त. गुडघे दुखतात तेवढेच. बोलायचंय का?” मी म्हटलं, नको, मीच येतो.

बर्फात एक जिताडा घेतला (माफी मागायला रिकाम्या हाताने जाऊ नये, हा माझा अनुभव दांडगा आहे) आणि सकाळी निघून दुपारी केळशी गाठली. दादा पडवीत खुर्चीवर होते. माशाचे कल्ले उघडून बघितले, म्हणाले, “वाढलाय बरा. तुझ्याकडनं मेला नाय म्हंजे नशीबच.” चहा झाला. मी शब्द जुळवत होतो. बोलता बोलता दादांची मान पुढे आली, डोळा लागला.

माझ्या खिशात मोबाईल वाजला. चार वाजले होते. ‘बगळा, उत्तर बांध.’

त्याच क्षणाला दादा दचकून उठले, दोन्ही हात कानांवर.

“रोज असंच,” मंदाताई म्हणाली. “चारला डोळा लागतो आणि लगेच घाबरून उठतात.”

दादा माझ्याकडे बघून वैतागले. “पम्या, मेल्या, तो भोंगा बंद कर की रे! वायच टेकतंय नाय, तर बोंबलतो.”

“कुठे टेकता दादा?”

“कुठं म्हंजे? उघाडीवर. चार पाणकावळे होते बांबूवर. हाकलले.”

मी चित्रफीत उघडली. बांबूवर चार पाणकावळे. एक उठला, दुसरा, तिसरा, चौथा. मग भोंगा. बांधावर कुणी नाही.

दादांनी ती पाहिलीच नाही. गुडघा चोळत म्हणाले, “त्या मशीनवर रागवू नको हां. त्याला काय कळतंय बिचाऱ्याला? तू शिकलेला हायस, तू शिकव त्याला.”

कबुलीसाठी याहून सोपी जागा मला कुणी करून दिली नसती. आणि मी म्हणालो, “हो दादा, शिकवतो.” एवढंच. साडेपाच-सहा तासांचा रस्ता परत आलो, वाटेत गाडीत मोठमोठ्याने माफी मागत.

त्या खांबावरचा भोंगा मी काढून टाकलाय. मंदाताई सांगते, बाबा हल्ली चार ते पाच गाढ झोपतात, हाक मारली तरी उठत नाहीत. इकडे कॅमेरा रोज चारला फोटो पाठवतो. बांध रिकामाच असतो आणि त्या तासात पाखरू फिरकत नाही. का, कसं, विचारू नका. कोल्हापूरच्या माणसालाही सांगता आलं नाही, मलाही येत नाही.

लिहिण्याचं कारण असं, की मंदाताई वर्तमानपत्रातलं हे सदर दादांना वाचून दाखवते. तर दादा, मशीन चुकलं नव्हतं. ते तुम्हाला पक्षी आहे का म्हणून विचारत होतं, आणि तीनही वेळा ‘हो’ मी दाबलं होतं, हसत हसत. आता काय शिव्या द्यायच्या त्या उद्या चारला द्या. मी उघाडीवर बसलेला असेन, तुमच्यापुरती जागा सोडून.