डावीकडे वळलेला नळ

पस्तिसाव्या वर्षी व्हर्ना कांगास पत्र्याच्या कामात शिरली, तेव्हा कॅनडातल्या थंडर बे गावच्या कामगार युनियनच्या हॉलमध्ये सगळ्यांनी तिला महिनाभराची पाहुणी धरलं होतं. आधीची बारा वर्षं तिने हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुण्यात घालवली होती. शिकाऊ म्हणून नाव लागायला तीन मुलाखती द्याव्या लागल्या. मग ती टोइवो लेहटोनेनच्या टेबलाशी आली.

टोइवो म्हणजे साठी ओलांडलेला कारागीर. पहिल्याच दिवशी म्हणाला, "पोरी, रडायचं तर बाहेर जाऊन रडायचं. पत्रा गंजतो."

"तुमच्या तंबाखूनं नाही वाटतं गंजत तो, म्हातारबा?"

म्हातारा हसला, आणि तेव्हापासून दोघांचं जमलं. फोरमन मात्र टपलेला असायचा. बाईची एक ठळक चूक सापडली की तो हॉलला कळवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

इमारतीत गरम-गार हवा खेळवणारे पत्र्याचे चौकोनी नळ करताना खुणा पत्र्याच्या आतल्या अंगाला करायच्या असतात. नळ बाहेरून दिसतो तसा आखला आणि घडी घातली, की उजवीकडे वळायचा नळ डावीकडे वळतो, डाव्या पायाचा बूट उजव्याला यावा तसा. व्हर्नाने पत्रा आखून कापला की टोइवो म्हणायचा, "आण इकडं. फिकट आखतेस फार, मी ठळक करतो." मग दोघं मिळून घडी घालायचे.

गावच्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंकमध्ये छताखालचे नळ उघडे दिसतात. तिथे तिची मुलगी खेळायची. बाकावर बसलेल्या इतर मुलींच्या आयांना व्हर्ना दर वेळी बोट वर करून सांगायची, "तो तिसरा वळसा माझा." पुढे पुढे ती मान वर करायच्या आतच त्या म्हणायच्या, "हो गं बाई, तुझाच." तिला त्याचंही बरं वाटायचं. आयुष्यात दाखवण्याजोगं दुसरं काही तिच्याकडे नव्हतं.

शेवटच्या परीक्षेत पहिल्या खेपेला तिला वेळ पुरला नाही. दुसऱ्यांदा नापास झालं की युनियनच्या यादीतून नाव कटतं, कायमचं. एक पत्रा, एक आराखडा, तीन तास, आणि शेजारी कोणी नाही. या खेपेला तिने वीस मिनिटं आधीच काम संपवलं. परीक्षकाने मापं घेतली, सांधे चाचपले, मग नळ चौकटीला लावून पाहिला. तो बसेना.

"इतकं स्वच्छ काम आज कुणाचंच नाही," तो हळूच म्हणाला. "पण बाई, हा डावीकडं वळतोय. कागदावर उजवीकडं आहे."

टोइवो बाहेर गाडीत कॉफीचा थर्मास घेऊन बसला होता. तिचा चेहरा पाहिला आणि त्याच्या तोंडून गेलं, "कुठल्या अंगानं आखलंस?"

व्हर्ना गाडीच्या दारातच थांबली. "मी तर काही सांगितलंच नाही अजून तुम्हाला."

तो थर्मासचं झाकण घट्ट करत राहिला.

"म्हातारबा, फिकट नव्हत्या ना माझ्या खुणा?"

"घाईत असलीस की चुकीच्या अंगाला करायचीस. मी पत्रा उलटा करून परत आखायचो. फोरमन बघत असायचा, पोरी. म्हटलं, येईल हळूहळू."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

तिला त्याचा राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात काही उरावं लागतं. तिला उद्या परत गाठायची लाँड्री आठवली नाही, कटलेलं नाव आठवलं नाही. आठवला तो रिंक.

"तिसरा वळसा?" तिने विचारलं.

"तो तुझाच," टोइवो म्हणाला. "आईशप्पथ, त्याला मी हात लावला नाही."

कदाचित ते खरंही असेल. पण चार वर्षं हा माणूस असाच, याच मायेच्या आवाजात बोलत आला होता, आणि खरं काय ते ओळखायची तिच्याकडे आता काही सोय नव्हती.

शनिवारी मुलीची मॅच होती. शेजारची बाई हसत म्हणाली, "काय गं, आज वळसा नाही दाखवलास?"

व्हर्ना खाली बर्फाकडे बघत म्हणाली, "कुठला वळसा?"