साहेबांच्या मुहूर्ताची यादी

त्या मशीनला मी जेवढी भ्यायले, तेवढी पुढं सासूलाही भ्यायले नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सोलापुरातल्या आमच्या गिरणीत कॉम्प्युटर आला आणि मी टायपिस्ट म्हणून त्याला चिकटले. त्याला पडदा नव्हता. टाइपरायटरवर हुकूम टाइप करायचा, उत्तर त्याच कागदाच्या गुंडाळीवर उमटायचं. आपल्या चुकाही उमटायच्या, आणि ती गुंडाळी दर आठवड्याला गिरणीचे मॅनेजर साहेब वाचायचे.

कायम कामगार आला नाही की त्याच्या मागावर कापड विणायला त्या दिवसापुरता बदली कामगार घ्यायचे. पूर्वी मुकादम आपल्या मर्जीतली माणसं घ्यायचा, त्यावरून गेटवर डोकी फुटली होती. म्हणून साहेबांनी नियम केला: यादी मशीन छापणार, जो आधी नोकरीला लागला तो वर, आणि मशीनची यादी नसेल तर कुणीच आत नाही. माझे वडीलही बदलीच होते. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, त्यांना नायना म्हणायचो. कायम व्हायला त्यांना एक हजेरी कमी पडत होती आणि दसऱ्याचा दुसरा दिवस हा हजेऱ्या धरायचा शेवटचा दिवस होता.

खंडेनवमीला सगळ्या मागांबरोबर मशीनचीही पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं रीतसर. नव्या यादीचा मुहूर्त साहेबांच्याच हातून व्हायला हवा, असं हेडक्लार्कांनी ठरवलं. साहेबांनी आपलं नाव आणि गुप्त शब्द टाकून यादी उघडली, पहिली ओळ घातली, बाकीची मी तिथंच बसून भरली. पेढे वाटले. दसऱ्याच्या संध्याकाळी साहेब सहकुटुंब अक्कलकोटला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी माझ्या नावानं मशीन सुरू केलं. गेटवर हजर असलेल्यांच्या चिठ्ठ्या हातात होत्या, मुकादमाचा निरोपही आला होता, आज आठ माणसं पाहिजेत. पहिल्या नावापुढं खूण करायला गेले आणि मशीननं छापलं, परमिशन डिनाइड, म्हणजे परवानगी नाही.

परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. पूजेच्या वेळी हळद आत सांडली की काय, असलंही मनात आलं.

"बाई, बाहेर गर्दी वाढायलीय," हेडक्लार्क पाठीमागं येऊन म्हणाले. "सातला भोंगा होईल. मग निस्तरायचं कुणी?"

मशीनला 'मी कोण' म्हणून विचारायची सोय होती. विचारलं. माझंच नाव आलं. मग यादी कुणाची ते विचारलं, तर साहेबांचं नाव आलं. पुढच्या अक्षरांचा अर्थ असा, की साहेबांनी वाचावं आणि लिहावं, इतरांनी नुसतं वाचावं. आमचा मुहूर्त आम्हालाच भोवला होता. हक्क बदलायचा हुकूम दिला तर मालक तू नव्हेस म्हणून तोही नाकारला. गुंडाळीवर नकारांची रांग लागली होती आणि आता साहेब आपल्याला ठेवत नाहीत, हे मी धरूनच चालले होते.

सातला दहा मिनिटं होती. वाचायला तर देतंय ना, मग उतरवून घेऊ, एवढंच सुचलं. यादीची नक्कल माझ्या नावावर करून घेतली. ती माझी, तिच्यात लिहायला मशीननं मुकाट्यानं दिलं. मी सगळ्या खुणा केल्या आणि छापायच्या आधी एकदा वाचलं. नायनांचा नंबर नववा होता.

त्यांच्या नोकरीच्या तारखेतला एक आकडा बदलला असता तर ते आठवे झाले असते. आठव्यालाही घरी पोरंबाळं असतील, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. प्रामाणिकपणा म्हणायलाही माझं तोंड धजत नाही. मला नुसती भीती वाटली. मघापर्यंत मशीन लिहू देत नाही म्हणून भीत होते, आता देतंय म्हणून. हेडक्लार्क पाठीशी उभे होते, पण त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आहे तशी यादी छापली. भोंगा झाला, आठ माणसं आत गेली. खिडकीतून मला नायना दिसले. डब्याची पिशवी घेऊन ते घराच्या वाटेला लागले होते.

साहेब परत आले, गुंडाळी वाचली आणि मला चक्क शाबासकी दिली. नायना आणखी एक वर्ष बदलीच राहिले.

पण यादी छापली त्याच दिवशी संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा ते दारातच बसले होते. "मशीन अडलं होतं म्हणे. तूच चालू केलंस?"

"हो."

त्यांनी शेजारचा डबा उघडला. "माझं नाव जरा वर घेता आलं नसतं का गं?" आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"नाही नायना," मी म्हणाले. "परवानगी नव्हती."

"मग तुझा काय दोष," ते म्हणाले, आणि सकाळी नेलेल्या डब्यातली उरलेली भाकरी माझ्यापुढं सरकवली.