ओव्हन ठणठणीत होता

समोर सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे आणि पाठ फिरली की 'कडूजहर'. ओव्हन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. त्यासोबत ओव्हनच्या मालकाचा उद्धारही व्हायचा, तो मात्र कुणी मागितलेला नसायचा.

कुणाच्याही स्वयंपाकघरात मिस्त्री आधी नाकाने शिरायचा. हत्यारांची पिशवी खाली टेकायच्या आत निकाल दिलेला असायचा. "काल मासे केलेले दिसतात. जाळलेत." घरची बाई बिचारी खजील होऊन मान हलवायची. मग तो ओव्हन भिंतीपासून ओढून मागचा पत्रा खोलायचा, दोन वायरी हलवून बघायचा, खिशातला तापमापक आत ठेवून काटा पडताळायचा, आणि पत्रा परत बसवता बसवता म्हणायचा, "ओव्हन ठणठणीत आहे. नाचता येईना, अंगण वाकडं."

दुर्दैव असं, की बहुतेक वेळा त्याचं खरं असायचं. ओव्हनमध्ये मांस कोरडं पडलं की लोक यंत्राला दोष देत, आणि सगळ्यात जास्त तक्रारी यायच्या पोर्क चॉपच्या. पोर्क चॉप हा प्रकारच नाठाळ. डुकराच्या पाठीचा हाडासकट काप. चरबी सगळी कडेला, आत जवळपास नाहीच. जरा वेळ जास्त झाला की रस आटला आणि खेळ खलास. एखादा गृहस्थ तसला चॉप बशीत घालून पुढे करायचा, "बघा ना मिस्त्री, कसला चिवट झालाय!" मिस्त्री तो उचलायचा, ओट्याच्या कडेवर टक टक वाजवायचा आणि परत बशीत ठेवायचा. "टाकू नका. दाराला अडसर म्हणून लावा. वाऱ्याने दार आपटणार नाही."

"पण मग तुमच्या घरी कसे होतात?" असं कुणी विचारलं की त्याची छाती वीतभर पुढे यायची. "लोण्यासारखे. सुरी लागत नाही. आमचा ओव्हन मी स्वतः लावलाय."

आता यातली मखलाशी बघा. परक्याच्या घरी चॉप बिघडला तर दोष हातांचा, यंत्र निर्दोष. स्वतःच्या घरी चॉप जमला तर गुण यंत्राचा, आणि हात? हातांचं नाव नाही. ते हात त्याच्या बायकोचे होते. ती पडदे शिवण्याच्या कारखान्यात दिवसभर मशीन चालवायची आणि रविवारी दुपारी चॉप करायची. शनिवारी संध्याकाळी ती पातेल्यात काय कालवते, काय भिजत घालते, हे मिस्त्रीने कधी पाहिलं नव्हतं, कारण शनिवारी संध्याकाळी तो नाक्यावर उभा राहून आठवडाभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करत असायचा. रविवारी त्याला दिसायचं ते इतकंच: ट्रे आत गेला, ट्रे बाहेर आला. मधे ओव्हन. म्हणजे करणारा ओव्हनच.

बायको कमी बोलायची. कमी बोलणाऱ्या माणसाला काही कळत नाही, असा मिस्त्रीचा ठाम समज होता.

एका रविवारी त्याची बहीण आणि मेहुणे जेवायला आले. मेहुणे शाळेची बस चालवत. आठवडाभर पोरांचा कलकलाट ऐकून कान किटलेला, जिभेने मात्र गोड माणूस. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांनी डोळेच मिटले.

"वहिनी, काय हात आहे हो तुमचा!"

बायको हसली. तेवढ्याने कुणाचं काय जात होतं? पण मिस्त्रीला दुसऱ्याच्या वाटणीची शाबासकी पचत नसे. "हात कसला, दाजी? सगळी ओव्हनची करामत आहे. अहो, आमच्या ओव्हनमध्ये पायातला जोडा ठेवला तरी लुसलुशीत निघेल."

बहिणीने मान खाली घातली. बायकोने हातातला चिमटा सावकाश ट्रेमध्ये ठेवला.

"असं म्हणता? मग पुढच्या रविवारी तुम्हीच ठेवा. ताई, दाजी, तुम्ही पण या बरं का. यजमान करणार आहेत."

"करीन की," मिस्त्री म्हणाला. "त्यात काय आहे?"

पुढच्या रविवारी सकाळी तो स्वतः खाटकाकडे गेला. पातळ पातळ काप निवडले, लवकर शिजावेत म्हणून. वर हुकूम सोडला, "कडेची चरबी काढून टाक."

खाटीक सुरी हातात धरून थांबला. "राहू द्या मिस्त्री. जीव तिच्यातच असतो."

"मी तुला सुरी कशी धरायची ते शिकवतो का? मग?"

खाटकाने खांदे उडवले आणि चरबी काढली. गिऱ्हाईकच डोकं बडवून घ्यायला निघालं असेल तर भिंत आडवी येत नाही.

घरी बायको बाहेरच्या खोलीत पाय स्टुलावर टाकून बसली होती. एवढ्या वर्षांत रविवारी अकरा वाजता तिला बसलेलं त्याने प्रथमच पाहिलं, आणि ते त्याला जरा अंगावर आलं. त्याने काप फ्रिजमधून काढले ते तसेच, गारठलेले आणि ओलेचिंब, थंड ट्रेवर मांडले.

"अगं, मीठ कुठे आहे?" त्याने आतून हाक मारली.

"ओव्हनला विचारा."

मीठ सापडलं, वरून भुरभुरलं, ट्रे आत गेला. ओव्हनचं तापमान अगदी अचूक होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण मिस्त्रीला कुठे राहवतंय! दर थोड्या वेळाने दार उघडून डोकवायचा. दार उघडलं की आतली सगळी धग त्याच्या तोंडावर. एकदा काप दाबून बघितला तर गुलाबी पाणी आलं. तो दचकला आणि ट्रे परत आत ढकलला. नंतर बघितलं तर पाणी यायचं बंद झालं होतं. तेव्हा तो खूश झाला. पाहुण्यांना उशीर होता, म्हणून ओव्हन बंद करून चॉप आतच ठेवले, गरम राहतील या हिशेबाने. राहिले. नुसते गरमच राहिले.

चौघं जेवायला बसले. दाजींनी सुरी लावली. सुरी घसरली. त्यांनी बशी दुसऱ्या हाताने घट्ट धरली, जोर काढला, आणि एक तुकडा सुटला. मग ते चावू लागले. बहीण चावू लागली. खोलीत चावण्याखेरीज आवाज नव्हता. बहिणीने भावाची बाजू सावरायचा प्रयत्न केला. "दादा, वास मात्र छान आलाय हं."

दाजींनी तो घास अखेर कसाबसा गिळला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि अत्यंत भोळेपणाने म्हणाले, "ओव्हन बिघडला असेल."

"ओव्हन ठणठणीत आहे!" मिस्त्री सवयीने कडाडला. आणि गप्प झाला. कारण त्या वाक्याच्या पुढचं वाक्य टेबलावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

ते कुणीच उच्चारलं नाही. बायकोने फक्त पाण्याचा जग दाजींकडे सरकवला.

शहाणा माणूस इथे हार मानून मोकळा झाला असता. मिस्त्री सोमवारी कामाला गेला नाही. त्याने घरचा ओव्हन उघडून जमिनीवर पसरला. कॉइल तपासली, थर्मोस्टॅट तपासला, एकेक स्क्रू पुसला. खोट सापडेना. माणसाला आपल्याच कसबाचा एवढा राग क्वचितच आला असेल. मग त्याने खाटकाला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या खाटकाकडचे काप आणले. बायको कारखान्यात गेल्यावर गुपचूप केले. तेही तसेच. एक काप मागच्या दारी बसलेल्या कुत्र्याला टाकला. कुत्र्याने तो तोंडात धरला, जरा वेळ विचार केला, आणि सावलीत नेऊन ठेवून दिला.

बायकोला विचारणं हा सरळ रस्ता होता. म्हणूनच तो त्याला नको होता. त्यापेक्षा जीभ हासडलेली बरी, असं त्याला वाटायचं. शेवटी त्याला कोपऱ्यावरची इस्त्रीवाली आठवली, आणि आठवताच त्याने तोंड वाकडं केलं.

ही बाई दुकानात पुढे इस्त्री करायची आणि मागच्या खोलीत राहायची, आणि तिच्या चॉपचं नाव गल्लीभर होतं. महिन्यापूर्वी तिने मिस्त्रीला बोलावलं होतं. ओव्हन एका बाजूने कच्चं ठेवतो, ही तिची तक्रार. मिस्त्रीने त्या दिवशी पिशवीसुद्धा उघडली नव्हती. दारातूनच अंगण वाकडं करून निघून गेला होता. तेव्हापासून त्याच्या शर्टाच्या कॉलरला नेमकी एक घडी उलटी पडायची.

"ओव्हन बघायला आलोय," तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला.

"कशाला? ठणठणीत आहे ना?" तिने मान वरसुद्धा केली नाही.

"बघू तरी द्या."

"बघा. या खेपेला डोळे आणलेत वाटतं."

त्याने ओव्हनचं दार उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. दाराच्या कडेचं रबर एका बाजूला पार वितळून उचकटलं होतं. सगळी धग तिथून निसटत होती. आंधळ्यालाही हात लावून कळलं असतं. आणि ही बाई महिनाभर अर्ध्या वेळाने ट्रे फिरवून फिरवून त्याच मोडक्या यंत्रात रांधत होती. ज्या हातांना तो दारातून नावं ठेवून गेला, तेच हात यंत्राची खोट झाकत होते. मिस्त्रीने जुनं रबर काढलं, नवीन आणून बसवलं, दार दोनचार वेळा लावून पाहिलं. त्याचं तोंड इतका वेळ बंद राहिलेलं त्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं.

"झालं?" ती म्हणाली. "आता खरं काम बोला. फुकट रबर बसवायला येणाऱ्यातले तुम्ही नाही."

"चॉप," मिस्त्री पुटपुटला. "कडक होतात."

तिने इस्त्री उभी करून ठेवली, कारण हसताना हातातून सुटली असती. पोट धरून हसली. मग त्याला खाटकाकडे पिटाळलं आणि तो जे घेऊन आला ते बघून परत पिटाळलं. "जाड आणा, हाडासकट, चरबीसकट. कागदासारखे आणाल तर कागदच खाल."

जाड काप आले. तिने ते मिठाच्या पाण्यात बुडवले, पाण्यात चिमूटभर साखर टाकली आणि त्याला सांगितलं, "जा, फिरून या. मीठ आत शिरायला वेळ लागतो. तुमच्यासारखं नाही ते, घुसलं की लगेच बोलायला लागलं."

तो दुपार उलटल्यावर परत आला. तिने काप फडक्याने टिपून अगदी कोरडे केले, कडेच्या चरबीला सुरीने बारीक चिरा दिल्या, आकसून वाकडे होऊ नयेत म्हणून. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवला. आधी चॉप चरबीच्या कडेवर उभे धरले, चरबी सुटली, मग त्याच चरबीत दोन्ही अंगांनी लालसर केले आणि तवाच्या तवा तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवला. मिस्त्रीचा हात आपसूक दाराकडे गेला. तिने ओल्या फडक्याचा फटका दिला.

"उघडायचं नाही. तो तापमापक काढा."

त्याने मोठ्या ऐटीत काढला आणि ओव्हनची धग मोजायला वाकला.

"तिकडे नाही! ओव्हनला ताप आहे का ते काय बघता? ओव्हन खायचाय? वेळ झाली की मांसात खुपसा, हाडाला न लावता."

जन्मभर तो तापमापक खिशात बाळगणाऱ्या मिस्त्रीने तो कधी मांसात खुपसला नव्हता. त्याने खुपसला. काटा ठरल्या जागेच्या किंचित खाली असतानाच तिने तवा बाहेर ओढला, चॉप बशीत काढून वर झाकण ठेवलं. "आता हात बांधून बसा. बाकीचं ते स्वतःचं स्वतः शिजतं. रस आत मुरू द्या."

वाट बघणं हे मिस्त्रीला सगळ्यात अवघड गेलं. शेवटी झाकण निघालं. सुरी जेमतेम टेकली आणि आत गेली. आतून मांस फिकट गुलाबी, ओलसर. पहिल्या घासाला रस त्याच्या मनगटापर्यंत ओघळला. त्याला राग आला. इतकं चांगलं लागल्याचा राग. आणि त्यामागोमाग, कधी नव्हे ती, शनिवारी संध्याकाळी घरात एकटीच पातेलं घेऊन बसणारी बायको डोळ्यांपुढे आली. तो मान खाली घालून हाड चोखत राहिला.

पुढच्या शनिवारी तो नाक्यावर गेला नाही. रविवारी चॉप झाले. बायकोने एक तुकडा कापला, खाल्ला, दुसरा कापला. त्याचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते.

"मीठ जरा कमी पडलंय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी थोडं जास्त घाला."

पुढच्या रविवारी! हे वाक्य त्याला उशिरा समजलं, पण समजलं. तेव्हापासून त्या घरात रविवारचा ओव्हन त्याच्याकडे आहे.

मिस्त्री सुधारला, असं मात्र कुणी समजू नये. त्याची जीभ होती तेवढीच तिखट आहे. एवढंच झालं की आता तो पिशवी उघडून ओव्हन तपासतो आणि मग अपमान करतो. चॉपची कृती आपणच शोधून काढली, असंही तो छातीठोक सांगतो. इस्त्रीवालीच्या कानावर ते गेलं, तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली, आणि त्याच्या कॉलरची घडी पुन्हा उलटी पडू लागली.

बायको रविवारी दुपारी आतल्या खोलीत पडदे ओढून झोपते. जेवण तयार झालं की तिला उठवायचं काम त्याचंच. परवा ती जांभया देत टेबलाशी आली, चॉपकडे न बघताच तिने बशीला बोट लावलं.

"बश्या गार आहेत. एवढे ओव्हनचे मिस्त्री तुम्ही, बश्या गरम करायचं सुचत नाही?"

तो बडबडत उठला, आणि बश्या ओव्हनमध्ये ठेवल्या.