बाटलीला कान लावणारे जवभाऊ

बाटलीचं झाकण किंचित सैल करायचं, ती कानाशी धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे, ही जवभाऊंची सवय पहिल्यांदा पाहणारा हसायचाच. मीही हसले होते. हातात जवळजवळ काळ्या पेयाची बाटली आणि तिचं गाऱ्हाणं ऐकत असल्यासारखा उभा धिप्पाड, टक्कल पडलेला माणूस. मग डोळे उघडून ते निकाल द्यायचे, "मुकी हाये. घ्या." मुकी म्हणजे चांगली. झाकण सैल होताच जी फुसफुसली ती आंबली, तिच्यात दारू उतरायला लागली. असली बोलकी बाटली त्यांच्या घरात एक मिनिट टिकत नसे. वहिनी चार हाका मारायच्या त्या मात्र त्यांच्या कानापर्यंत पोचायच्या नाहीत. "बाटलीचं बरं ऐकू येते," वहिनी म्हणायच्या.

भाऊ मूळ वर्ध्याकडचे. बहारीनमधल्या हिद्दच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते आणि बुसैतीनला आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहत. त्यांचं खरं नाव व्हिसावर होतं, तिथेच राहिलं. गच्चीवर ओली गोणपाटं अंथरून त्यांवर जवाला मोड आणणारा माणूस बहारीनमध्ये दुसरा नव्हता, म्हणून ते जवभाऊ. आम्ही तुबलीच्या वर्कशॉपमधली, मनामाच्या ऑफिसांमधली मराठी मंडळी भीमजयंतीच्या तयारीला जमलो की कुणीतरी विचारायचंच, "जवभाऊंचं काळं पाणी लागलं का उकळायला?"

या काळ्या पाण्यामागची गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. वहिनी गावी होत्या आणि भाऊ इथे एकटे, तेव्हा कडक काळी बीअर हे त्यांचं रोजचं जेवण झालं होतं. "दुकानातला मले पाहूनच फ्रिजकडे वळायचा," असं ते स्वतःच सांगत. शेवटी वहिनींनी फोनवर अट घातली. पोरीला घेऊन येते, पण घरात एक थेंब दिसला तर आम्ही परत, आणि मग पुन्हा बोलावू नका. भाऊंनी सोडली. सोडली म्हणजे सोडली. पण जीभ ऐकेना. मला म्हणाले होते, "नशेची आठवण नाई येत बाई. पण तो भाजका दाणा, तो कडूपणा, तो काई तोंडातून जात नाई. मंग म्हटलं, नशा ठेवू बाजूले आणि चव तेवढी बनवू." वहिनींनी परवानगी दिली ती एका बोलीवर: प्रत्येक खेपेचा पहिला ग्लास त्या पिणार. नवऱ्याच्या शब्दापेक्षा त्यांचा स्वतःच्या नाकावर जास्त विश्वास होता, आणि तो का होता हे भाऊंना पुरतं ठाऊक होतं.

मटकीला आणतो तसे जवाला मोड आणायचे. वाळवायला बहारीनचं ऊन फुकट होतंच. "कंपनीनं दिलेली ही एकच सुविधा," भाऊ म्हणायचे. त्यातले थोडे जव कढईत कोळशासारखे काळे होईपर्यंत भाजायचे. तो वास जिना चढून माझ्या घरात आला की मी खिडक्या उघडायची, आणि मग हळूच बंदही करायची, कारण वास सुंदर असायचा. भाजलेले आणि साधे जव जाडसर भरडून गरम पाण्यात मुरवायचे. ते पाणी उकळतं चालत नसे. भाऊ थर्मामीटर घेऊन पातेल्याशी असे बसत की कारखान्याच्या बॉयलरलाही तेवढा मान मिळत नसावा. मग गोडसर झालेलं पाणी धोतराच्या फडक्यातून गाळायचं, गावाहून आलेलं कडूजहर काडेकिराईत घालून अर्धं होईस्तोवर आटवायचं, थंड करून बाटल्यांत भरायचं आणि लगेच फ्रिजमध्ये. प्यायच्या वेळी निम्मा सोडा. असा दाट, बदामी फेस यायचा की अट्टल पिणाऱ्याने मिशा पुसाव्यात. "थंडीत हे झोपून राहते," भाऊ बजावत. "गरमी लागली का उठून बसते, आणि मंग बोलाले लागते."

त्यांच्या लेकीने एकदा शाळेत अभिमानाने सांगितलं, "माय पापा मेक्स बीअर ॲट होम." दुसऱ्या दिवशी वहिनींना बोलावणं. इथे घरात दारू गाळणं म्हणजे थेट परतीच्या विमानाचं तिकीट. वहिनी पिशवीत एक बाटली घालून गेल्या, टीचरपुढे ती उघडली, आधी स्वतः प्यायल्या आणि मग तिला पाजली. परत आल्या तेव्हा टीचरने कृती लिहून मागितली होती.

समोरच्या दारात काझीभाई राहायचे, रत्नागिरीचे, मनामात धान्याचा व्यापार. भाऊंचा जव त्यांच्याच गोदामातून यायचा. सुरुवातीला ते ग्लासाला हातही लावेनात. "रंग बघून भीती वाटते हो भाऊ," म्हणायचे. मग एक दिवस त्यांनी भाऊंना बाटलीला कान लावताना पाहिलं आणि ती फुसफुसली म्हणून अख्खी मोरीत ओततानाही पाहिलं. त्या दिवसापासून काझीभाई फक्त एवढंच विचारायचे, "मुकी आहे ना?" भाऊ हो म्हणाले की बिनघोर प्यायचे. एकाचं नशा न करण्याचं पाचवं शील आणि दुसऱ्याचं हराम-हलाल, दोन्ही भाऊंच्या एका कानावर विसंबून होतं.

एका वर्षी जयंती रमजानात आली. दिवसा खाणंपिणं नको म्हणून आम्ही कार्यक्रम रोजा सुटल्यानंतर, संध्याकाळी ठेवला. माणसं खूप येणार होती. भाऊंनी तीन घरांचे फ्रिज भरतील एवढ्या बाटल्या केल्या: त्यांचा, माझा आणि काझीभाईंचा. पण रमजानात काझीभाईंच्या घरचा फ्रिज म्हणजे फळं, शरबतं, फिरनीची भांडी. त्यांच्या बायकोने जागा करायला बाटल्या बाल्कनीत ठेवल्या आणि जयंतीच्या सकाळी पुन्हा आत सारल्या. तिच्या लेखी ते लोणच्याच्या बरण्या हलवण्यासारखं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्या सारख्याच गार झाल्या होत्या आणि सगळ्या एकाच टेबलावर आल्या.

वंदना झाली. पंचशील झालं. ग्लास मांडले गेले. भाऊंनी पहिली बाटली कानाशी धरली आणि मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. दुसरी उचलली. ती मुकी होती. तिसरी पुन्हा बोलली. जयंती समितीचे सेक्रेटरी शेजारीच उभे होते. ते हळूच म्हणाले, "भाऊ, सोडा मिसळल्यावर कुणाला कळणार आहे? लोक थांबलेत. असून असून किती असेल त्यात?"

"किती का असंना," भाऊ म्हणाले. "आत्ता पाचवं शील म्हटलं ना आपण? तोंडातून ते बाहेर काढलं आणि लगेच हे आत घालायचं?"

आणि त्यांनी माइक हातात घेतला. सरळ सांगितलं, "जय भीम. माझा माल बिघडला. यात दारू उतरली. आज कोणी पेऊ नका." सभागृहात कुजबुज उठली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे घरी रोज हेच चालतं वाटतं!" लोक हसले. त्या हसण्यात काय होतं ते भाऊंना कळलं, मला कळलं, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींनाही कळलं. त्या उठल्या. एवढ्या वर्षांत घरात नव्हता तो थेंब आता टेबलभर होता, आणि तोही सगळ्या गावादेखत.

वहिनी टेबलाशी आल्या आणि बाटल्यांचे क्रेट उचलू लागल्या. दुसरी बाजू मी धरली. आम्ही तिघांनी ते मागच्या मोरीपाशी नेले. भाऊंनी पहिलं झाकण पूर्ण काढलं आणि तो वास वर आला. जुना, आंबूस, ओळखीचा. भाऊंचा हात थांबला. त्यांनी बाटली वहिनींपुढे धरली.

"प्रमिला, तू ओत. मी नाई पेणार. पण हा वास जुना दोस्त हाये माझा."

वहिनींनी बाटलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुमीच ओता," त्या म्हणाल्या, आणि पाठ फिरवून सभागृहात निघून गेल्या. मलाही हाताला धरून सोबत नेलं. भाऊंवर पहारा द्यायला तिथे कुणीही उरलं नाही. मला तर क्षणभर वहिनींचा रागच आला होता.

बऱ्याच वेळाने भाऊ बाहेर आले. शर्ट ओला होता, क्रेट रिकामे होते, मुक्या बाटल्यासुद्धा त्यांनी ठेवल्या नव्हत्या. वहिनींनी त्यांना जवळ बसवलं, पण त्यांचा वास घेतला नाही. त्या दिवशी सगळे साधं लिंबू सरबत प्यायलो आणि मागून टोमणा मारणाऱ्या त्या माणसाने पुढे येऊन भाऊंचा हात हातात घेतला. मला आजही कुणी विचारलं की परदेशात राहून तुम्ही काय कमावलंत, तर मी बँकेचं काही सांगत नाही. मी सांगते, आमच्यात असा एक माणूस होता.

रात्री काझीभाई खाली मान घालून आले. "आमच्या हिला ठाऊक नव्हतं हो. चूक आमच्या घरची." भाऊंनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "खलास, विषय संपला! भाभीले बोलू नका. मीच सांगितलं नाई तिले, का हे झोपेतून उठते म्हणून." पुढच्या खेपेची पहिली बाटली, वहिनींचा ग्लास झाल्यावर, काझीभाईंच्या इफ्तारला गेली. त्यानंतर मात्र एक गोष्ट बदलली. वहिनींनी पहिला ग्लास मागणं बंद केलं. भाऊच आपणहून नेऊन द्यायचे.

निवृत्त होऊन दोघं वर्ध्याला गेली तेव्हा मोठं पातेलं, थर्मामीटर आणि गाळायचं फडकं माझ्या दारात ठेवून गेली. मी म्हटलं, मला नाही जमायचं. भाऊ म्हणाले, "जव तुले शिकवते. तू फक्त घाई करू नको."

यंदाच्या जयंतीचं काळं पाणी मी केलं. वाटायच्या आधी मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. भाऊ वाळले आहेत. फोन बाटलीपाशी धरला आणि ओरडून म्हटलं, "भाऊ, उघडते हं. ऐका आणि सांगा." त्यांनी फोन कानाला घट्ट लावला, त्यामुळे पडद्यावर मला फक्त त्यांचा कान दिसत राहिला. मी झाकण सैल केलं. कान पडद्यावरून हलेना. मग वहिनींचा आवाज आला, "त्याईले आता ऐकू येत नाई गं. कारखान्यानं नेले कान."

भाऊंनी फोन पुढे घेतला. माझा चेहरा पाहून त्यांना हसू आलं. "रडतं कायले? मले नाई ऐकू येत आता. तूच लाव कान."

"भाऊ, माझी चूक झाली तर? एवढी माणसं पिणार आहेत."

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. माझं बोलणं वहिनींनी त्यांच्या कानात मोठ्याने सांगितलं. मग त्या स्वतःच फोनपाशी आल्या. "तूच लाव," म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मी बाटली कानाशी धरली आणि डोळे मिटले.

मुकी होती.