वाकळेचा घास

वाकळेचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी मी त्यात भाकरीचा तुकडा ठेवला, आणि जोंधळ्याच्या वासानं मनानं थेट लहानपणीच्या पेठ वडगावच्या शाळेत पोचले. त्सुनामीनं उघड्यावर आणलेल्या श्रीलंकेतल्या पोरांसाठी तिथं हातानं केलेल्या वस्तूंची विक्री होती. आईनं जुन्या लुगड्यांची वाकळ मांडली होती.

एका बाईंनी कोपरा चाचपला. "इथं गाठ आलीय. कमी करा."

"गाठ न्हाय, भाकरीचा घास हाय," आई खणखणीत म्हणाली. "वाकळ उपाशी ठेवत न्हाय आमी. आन् पोरांच्या पैशातबी कमी करत न्हाय."

बाईंनी पुरे पैसे मोजून वाकळ घेतली. मी लाजून खाली बघत राहिले.

"मम्मी, मुंग्या लागतील की," आत्ता माझी लेक म्हणाली.

"लागू देत," मी आईच्याच आवाजात म्हणाले. "त्यास्नीबी पोट हाय."