पात्र होण्याआधीची पंधरा वर्षं

आमच्या घरात शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं माणूस एकच, आणि ते मी नव्हे. बायको डी.एड. झालेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात पंधरा वर्षं भूगोल शिकवतोय. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला मुलाखत द्यायची आणि यंदा तरी घेतील ना, म्हणत घरी यायचं. शिकवायचं कसं, हे मला कधी कुणी सांगितलंच नाही. एम.ए. उशिराच, तिशी उलटल्यावर झालो आणि पुढच्याच जूनला हातात खडू आला.

कॉलेजात शिकवायला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. ती मी बरीच वर्षं पुढे ढकलली. शेवटी एकदा दिली, तीही मोठ्या ऐटीत. भूगोलाचा पेपर बरा गेला. पहिल्या पेपरात शिकवण्याबद्दलचे काही प्रश्न असतात. ते मी इतक्या झटपट सोडवले की शेजारचा उमेदवार माझ्याकडे बघायला लागला. पंधरा वर्षांचा अनुभव होता, मला काय विचारणार?

थोडक्यात नापास झालो. बारावीतल्या लेकीने उत्तरतालिका उघडून मी काळे केलेले गोल ताडून पाहिले.

"बाबा, भूगोल ठीक आहे. शिकवण्याच्या प्रश्नांत मात्र तुमचा पार बोऱ्या वाजलाय."

"वाच बघू एक."

"वर्गातली उपस्थिती अचानक कमी झाल्यास शिक्षकाने काय करावे? तुम्ही लिहिलंय, तासाची वेळ बदलावी. बरोबर उत्तर, अनुपस्थितीचे कारण शोधावे."

"कारण काय शोधायचं? कारण झाडावर लटकतंय!" मी म्हटलं. एप्रिलात पावस गावाकडची माझ्या वर्गातली अर्धी मुलं आंबे उतरवायला आणि पेट्या भरायला असतात. मी तास सकाळी सातला घेतो. ती शिकतात आणि नंतर बागेत जातात. यात शोधायचं काय?

आतून बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला ते माहीत आहे. पेपरातल्या मास्तरला माहीत नाही. त्याने आधी विचारायला नको का?"

पुढच्याच आठवड्यात प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. त्यांनी चहा मागवला की मला घाम फुटतो.

"सर, यंदा कसंतरी ओढलं," ते म्हणाले. "पुढच्या जूनला पात्रता नसेल तर तास देता येणार नाहीत. माझ्या हातात काही नाही."

म्हणजे उरली एकच परीक्षा. ती गेली की कॉलेज गेलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी भूगोलाच्या माणसाला दुसरं कोण विचारतं? नकाशे वाचायला येतात म्हणून कुणी ड्रायव्हरसुद्धा ठेवत नाही.

अभ्यासाची सूत्रं बायकोने हातात घेतली. तिचं पहिलंच वाक्य असं होतं, "त्या पेपरात एक आदर्श मास्तर राहतो. तुम्ही तो व्हायला नको, फक्त तो ओळखायला शिका."

मला त्या माणसाबद्दल भलतंच कुतूहल वाटायला लागलं. तो कधी चिडत नाही. त्याचा तास कधी संपत नाही. कुणी वर्गात झोपलं तर तो 'विद्यार्थ्याची पार्श्वभूमी समजून घेतो'. त्याच्या घरी भांडण होत असेल का? मासळीबाजारात तो बांगड्यांच्या वाट्याचा भाव करत असेल, की कोळणीची पार्श्वभूमी समजून घेत असेल? घरात खेळच सुरू झाला. आमटी खारट झाली की लेक विचारायची, "बाबा, तो काय करेल? एक, ताट सरकवेल. दोन, मौन पाळेल. तीन, खारटपणाचे कारण शोधेल. चार, यांपैकी नाही."

"चार," मी म्हणायचो. "तो जेवतच नाही."

पण पुस्तकं वाचून तो काही दिसेना. मग मी बायकोला म्हटलं, तुझ्या वर्गात बसू का? ती आधी हसली, मग म्हणाली, "शनिवारी या. मागे बसायचं. मध्ये बोलायचं नाही."

शनिवारी सकाळची शाळा. मी चौथीच्या मागच्या बाकावर गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसलो. एका पोरीने वळून शेजारणीला विचारलं, "ह्ये नापास झाले काय गो?" मला खोटं बोलवेना, म्हणून मी मान डोलावली.

बायकोने जांभ्या दगडाचा एक तुकडा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "याला भोकं का असतील?" आणि ती गप्प बसली.

वर्ग गप्प. मी मागे बसून तळमळत होतो. उत्तर मला येत होतं! पाऊस, झिरपणं, क्षार वाहून जाणं, सगळं जिभेवर होतं. ती मात्र खिडकीपाशी शांत उभी. मी मनात आकडे मोजायला लागलो. तीन, चार, पाच. सातव्या आकड्याला एक हात वर आला. "बाई, मुंग्यांनी केली." दुसरा म्हणाला, "मुंगी दगड खाते काय रे?" मग तिसऱ्याने सांगितलं की त्यांच्या विहिरीच्या चिऱ्यांतून पावसात पाणी ठिबकतं. आणि वीस मिनिटांत ती पोरं मुंग्यांपासून झिरपणाऱ्या पाण्यापर्यंत पोचली. बाईंनी उत्तर एकदाही सांगितलं नाही.

घरी येताना माझाच वर्ग डोळ्यांपुढे होता. मी वर्गात प्रश्न विचारतो आणि श्वास घ्यायच्या आत मीच उत्तर देतो. पंधरा वर्षं माझ्या वर्गातला सर्वात हुशार विद्यार्थी मीच होतो.

"किती मोजतेस?" मी विचारलं.

"दहा. बहुतेकदा सात-आठला कुणीतरी हलतंच. आपल्याला धीर नसतो, पोरांना असतो."

परीक्षेचं केंद्र कोल्हापूरला होतं. आदल्या दिवशी आंबा घाटातून एसटी वळत होती आणि मी त्या आदर्श मास्तरला डोळ्यांपुढे धरून बसलो होतो. पेपरात तो मला दिसेल तिथे मी ओळखला. एका प्रश्नाला मात्र जरा थबकलो. परिसरातील खडक आणि माती शिकवण्याचे सर्वात परिणामकारक साधन कोणते? तक्ता, व्याख्यान, पडद्यावरील सादरीकरण, की प्रत्यक्ष स्थळभेट? मी विचार केला, हा माणूस आधुनिक आहे, याला पडदा आवडणार. आणि पडद्याचा गोल काळा केला.

उत्तरतालिका आली. लेकीने वाचलं, "प्रत्यक्ष स्थळभेट."

बायको कपाळावर हात मारून खाली बसली. "अहो, पंधरा वर्षं पोरांना सड्याच्या कातळावर उन्हात फिरवून जांभा दाखवताय! आणि तिथे पडदा?"

"मला वाटलं, त्याला उन्हाचा त्रास होत असेल."

त्यानंतरचे दिवस मी रोज तो एक प्रश्न परत सोडवत होतो. त्याच एका प्रश्नापायी कॉलेज जायचं असेल तर? जो एकच प्रश्न माझ्या स्वतःच्या आयुष्यावर होता, तोच मी दुसऱ्याच्या डोक्याने लिहिला. बायकोने माझ्या अभ्यासासाठी शाळेतून आणलेली पुस्तकं कपाटावर चढवली नव्हती, न जाणो पुन्हा लागली तर म्हणून टेबलावरच ठेवली होती.

निकाल जूनच्या तोंडावर लागला. यादीत नुसते बैठक क्रमांक. लेक मोबाइलवर बोट सरकवत होती, मी दारातल्या नारळावरून सोललेल्या सोडणांचा ढीग उगाच नीट रचत होतो. "आहे!" ती ओरडली. मग तिने तो क्रमांक तीनदा वाचला आणि बायकोने चौथ्यांदा स्वतः वाचून खात्री केली. तिचा माझ्यावर विश्वास आहे, पण तपासून.

त्या जूनला मुलाखत झाली, तास मिळाले. पहिल्याच दिवशी मी वर्गात ही बातमी सांगितली. टाळ्या पडल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"सर, आता तुम्ही शिकवायला पात्र झालात?"

"हो."

"मग इतकी वर्षं तुम्ही काय होतात?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. खरं म्हणजे तीन उत्तरं होती, एक विनोदी, एक जरा दुखावलेलं आणि एक सरकारी नियमाचं. मी खडू टेबलावर ठेवला.

"तुम्हीच सांगा," म्हटलं, आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. एक. दोन. तीन. कुणी बोलेना. पाच. बाहेर शिपाई सायकल लावत होता. सात. आठ. माझा धीर सुटत चालला होता. नऊला मागच्या बाकावरचा मिरकरवाड्याचा मुलगा हलला. तो पहाटे जेटीवर मासळीचा लिलाव आटपून येतो, आणि बाकावर डोकं टेकून झोपतो. त्याला मी कधी उठवलं नव्हतं. त्याने डोकं वर केलं.

"सर, मी सांगू काय?"